‘कंस बुरशी’ म्हणजे काय?

प्रश्न असा: उष्ण कटिबंधातील जंगलांच्या एका पाहणीच्या मराठी गोषवाऱ्यात ‘कंस बुरशी’ हा शब्द दिसला. झाडाच्या खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या ‘ब्रॅकेट फंगस’साठी तो योग्य आहे का?

अजिबात नाही. हा ब्रॅकेट लिहिण्यातला कंस नव्हे. भिंतीतून पुढे आलेली फळी, किंवा तिला खालून धरणारा आधार, असा त्याचा इथला अर्थ. खोडातून अर्धगोल बाहेर आलेली ती टणक वस्तू एकदा पाहिली की कंस कुणाला आठवणार नाही. शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला की असे होते.

‘बुरशी’ही पटत नाही. बुरशी म्हटली की दमट चामड्यावरची लव डोळ्यांसमोर येते आणि ही तर हाताला लाकडासारखी लागते. दिसते ती ‘अळंबी’, आणि लाकडाच्या आत तंतूंनी पसरलेला सगळा जीव तो ‘कवक’. कवक हा शब्द कुणी परिभाषेसाठी घडवलेला नाही, बरे का. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या जोडीला ‘कवकानि’ येते, तिथे अर्थ भूछत्रे. आज तो ‘फंगस’ म्हणतात त्या साऱ्या गटाला लावतात.

मराठीला ही वस्तू अनोळखी नाही. फणसाच्या खोडावर येणाऱ्या अशाच टणक अळंबीला ‘फणसोंबा’ म्हणतात. फेलिनस वंशातली ही कवके. फणस आणि अळंबे हे दोन शब्द बोलता बोलता झिजून एक झाले असावेत, असा माझा तर्क. शब्द झकास आहे, पण फणस त्याला इतका चिकटलेला की सगळ्या गटाला तो चालणार नाही.

मग काय लिहावे? आधी काय सांगायचे आहे ते ठरवावे. ‘ब्रॅकेट’ने फक्त आकार कळतो. ‘पॉलिपोर’ (म्हणजे बहुछिद्री) या दुसऱ्या इंग्रजी नावाने खालची बाजू कळते: तिथे बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून बीजाणू गळतात. आणि ‘लाकूड कुजवणारी’ म्हटले की काम कळते. या तिन्ही गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. लेंझायटिस नावाच्या कवकाची अळंबी फळीसारखीच, पण खाली पाहावे तर छिद्रांऐवजी पडदे. काही पॉलिपोर कवकांना फळीच नसते, ती ओंडक्याच्या खालच्या अंगाला सपाट चिकटून राहतात. पाहणी करणाऱ्याने नुसते फळीकडे पाहिले तर ती यादीतून निसटतील. म्हणून आकाराला ‘फळीअळंबी’ आणि पॉलिपोरला ‘छिद्रकवक’ असे वेगळे शब्द मी वापरीन.

कुजण्यासाठी मात्र नवा शब्द शोधायलाच नको. मूळकूज, खोडकूज हे शब्द शेतीच्या मराठीत रुळलेले आहेतच, त्याच चालीवर पांढरी कूज आणि तपकिरी कूज. लाकूड मुख्यतः सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना घट्ट धरणारे लिग्निन यांचे बनते. पांढऱ्या कुजीत लिग्निनही मोडते आणि लाकूड फिकट, तंतुमय होते. तपकिरी कुजीत सेल्युलोज संपते, लिग्निन बरेचसे मागे उरते आणि लाकडाचे चौकोनी तुकडे पडतात. इथे ‘कीड’ लिहू नये, ती किड्यांची.

तेव्हा त्या गोषवाऱ्यात पाहणी पॉलिपोरांची असेल तर शीर्षक ‘लाकूड कुजवणाऱ्या छिद्रकवकांचे वैविध्य’ असे करावे. पडदेवाल्याही मोजल्या असतील, तर ‘फळीअळंब्यांचे’.