वाचक विचारतात: अख्खी लीगच कशी काय बंद पडते?

प्रश्न: माझा भाचा मेलबर्नला नोकरीला असतो. मागं तो गाडी काढून दक्षिण गिप्सलँडकडं फिरायला गेलावता, तिथनं त्यानं व्हिडिओ कॉलवर एका गावचं मैदान दाखवलं. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब, आणि माणूस एक नाही. तिथला एक म्हातारा त्याला म्हणाला, आमची आल्बर्टन लीग बंद झाली. क्लब बंद पडतो हे समजतं हो, पण अख्खी लीग? भांडणं झाली काय?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: भांडणानं लीग बंद पडत असती तर कोल्हापूरचा फुटबॉल कवाच संपला असता काका, त्यामुळं ते कारण सोडा.

चार खांब बघून कळलं असेलच की हा आपला फुटबॉल नव्हे. हा ऑस्ट्रेलियन रूल्स, तिकडं नुसतं 'फुटी' म्हणतात, 1859 ला मेलबर्नमध्ये याचे नियम लिहिले. मैदान अंडाकृती, बॉलपण अंडाकृती, मधल्या दोन खांबांतनं मारला तर 6 पॉइंट आणि बाजूच्या फटीतनं गेला तर 1. आणि एका टीमची 18 पोरं मैदानात. सगळी गोम या 18 मध्येच आहे.

बेंचवरची चार धरली की 22, क्लब म्हटलं की सीनियर आणि रिझर्व्ह अशा दोन टीम, म्हणजे झाली 44 पोरं, ज्युनिअर वेगळे, आणि त्याच शनिवारी शेजारच्या कोर्टवर पोरींचं नेटबॉल. एवढी माणसं आणायची कुठनं? तो सगळा पट्टा दुधाचा. आधी लहान लहान गोठे होते, घरटी कामाची पोरं होती, मग धारा मशीननं निघायला लागल्या, शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं रान विकत घेतलं आणि पोरं शिकायला नोकरीला मेलबर्नला. गायी मिळतील, मागं फुल बॅकला खेळणारा पोरगा मिळंना.

हे क्लबांच्या नावांतच दिसतं बघा. इन्व्हरलॉक-काँगवॉक, कोरंबरा-बेना, मीनियन-डंबाल्क युनायटेड. आणि कडी म्हणजे डेव्हन-वेल्शपूल-वॉन रॉन-वुडसाइड, चार गावांचा मिळून एक क्लब, नाव एवढं लांबडं की लोक एक डी आणि पुढं चार डब्ल्यू एवढंच लिहायचे. मधली प्रत्येक आडवी रेघ म्हणजे कुठल्यातरी गावाला एकट्याला टीम पुरी करता आली नाही. आता आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडील आणि खंडोबा या दोन टीम एकत्र करून एकच टीम काढू असं मी नुसतं म्हणून बघतो, तुम्हीच मला पेठेत पाऊल टाकू देणार नाही. तिकडं ते करायला लागलं.

तरी त्यानं लीग मेली नसती असं माझं मत. खरा दणका बसला 2017 ला. वेस्ट गिप्सलँड नावाची नवी लीग निघाली आणि फिलिप आयलंड, इन्व्हरलॉक असे समुद्राकाठचे क्लब, जिथं पर्यटनामुळं वस्ती वाढत होती, ते उठून तिकडं गेले. शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके क्लब राहिले, म्हणजे फिरून फिरून त्याच टीमशी मॅच, कोण बघणार? 2019 चा सीझन शेवटचा. फिश क्रीक, फॉस्टर, स्टोनी क्रीक, टार्विन, टूरा आणि मीनियन-डंबाल्क हे सहा जण मिड गिप्सलँड लीगमध्ये गेले, आणि नशीब बघा, 2020 ला नव्या घरात पहिला सीझन खेळायचा तर कोरोना आला आणि सीझनच रद्द.

म्हणजे त्या म्हाताऱ्याचं खरं आहे, लीग गेली. पण हे सहा क्लब नंतर नव्या लीगमध्ये खेळायला लागले. भाच्याला सांगा, तिकडच्या थंडीत, एप्रिल ते ऑगस्टमधला एखादा शनिवार धरून फिश क्रीकला जा. गाव ओळखायला सोपं, पबच्या छपरावर भलामोठा मासा बसवलाय. गाडी थेट मैदानाच्या कडेला, तोंड आत करून लावायची, सगळे तसंच लावतात, आणि गोल झाला की गाडीत बसूनच हॉर्न. आपल्याकडं हलगी, तिकडं हॉर्न. फक्त हॉर्न वाजवायच्या आधी गोल कुणाचा झाला तेवढं बघून घे म्हणावं.