दुखते पोटरी, बंद असते मांडीतली धमनी

वय 58, नाशिकच्या सातपूरला नोकरी, बरीच वर्षं बिडी. गंगापूर रोडला फिरायला गेलो की थोडं चालताच उजवी पोटरी आवळून येते. उभा राहिलो की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. डॉपलर सोनोग्राफीत मांडीतली धमनी बंद असल्याचं आलंय, पण मांडी अजिबात दुखत नाही. रिपोर्ट चुकला असेल का?

रिपोर्ट चुकलेला नाही. तुमची लक्षणं त्याच्याशी तंतोतंत जुळतात.

पोटातून येणारी धमनी जांघेतून मांडीत उतरते, तिला तिथून पुढे फिमोरल म्हणतात. साधारण 4 सेंटिमीटर खाली तिला मागच्या बाजूने एक जाड फांदी फुटते, ती प्रोफंडा, म्हणजे खोल धमनी. मांडीचे स्नायू प्रामुख्याने हिच्यावर जगतात. मूळ धमनी मात्र विनाथांबा गाडीसारखी मांडीच्या आतल्या अंगाने, स्नायूंमधल्या बोगद्यातून गुडघ्यामागे जाते. मांडीला ती वाटेत फार थोडं रक्त देते. हा बोगदा जिथे संपतो, त्याच्या आसपास धमनी बंद होण्याचं प्रमाण जास्त. तुमची प्रोफंडा चालू असणार, म्हणून मांडी गप्प आहे आणि उपाशी राहतेय ती पोटरी. चालताना मांडी किंवा कुल्हा दुखला असता, तर मी अडथळा आणखी वर, पोटात शोधला असता.

यात आशेची गोष्टही आहे. प्रोफंडाच्या फांद्या गुडघ्याभोवती खालच्या धमन्यांना जाऊन मिळतात. मुख्य वाट बंद झाली की या आडवाटा हळूहळू रुंदावतात. लंडनच्या जॉन हंटर यांनी 1785 मध्ये गुडघ्यामागचा धमनीचा फुगा बरा करण्यासाठी याच बोगद्यात धमनी बांधली, तरी पाय शाबूत राहिला. त्या बोगद्याला आजही हंटरचं नाव आहे.

म्हणून रोज चाला. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास. फरक पडायला तीनेक महिने लागतात. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा. आणि बिडी आजच सोडा. कमी करून भागणार नाही, कळकळीने सांगतो. रात्री पडल्या पडल्या पाय दुखू लागला किंवा बोटाची जखम भरेना, तर लगेच दाखवा. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला, तर तासाभराचाही उशीर नको.

जांघेतून अँजिओग्राफी झाल्यावर पाय सरळ ठेवून पडून राहायला का सांगतात? (कॉलेज रोड)

जांघेत धमनी कातडीच्या जवळ असते आणि तिच्यामागे खुब्याच्या हाडाचा टणक आधार असतो. म्हणून सुई तिथे घालतात आणि नंतर दाबूनही धरता येते. पाय दुमडला तर सुईच्या छिद्राचं नुकतंच बंद झालेलं तोंड सुटू शकतं. जांघ फुगली, किंवा कंबर दुखून चक्कर आली, तर नर्सला ताबडतोब बोलवा.

पंचवटीत घाटाच्या पायरीवर घसरून आईच्या (वय 74) खुब्याच्या हाडाची मान मोडली आणि सरकली. डॉक्टर सांधा बदला म्हणतात. स्क्रू लावून हाड जुळणार नाही का?

हाड जुळेल की नाही, हे तिथल्या रक्तपुरवठ्यावर ठरतं. मानेवरच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मुख्यतः प्रोफंडाच्या एका फांदीकडून मिळतं. ती मानेच्या मागून वळसा घेते आणि तिच्या बारीक वाहिन्या मानेला चिकटून वर चढतात. मान सरकली की याच तुटतात. गोळ्याला थेट जाणारी दुसरी एक वाहिनी आहे, पण या वयात तिचा भरवसा नसतो. स्क्रू लावूनही गोळा मृत होण्याची भीती राहते आणि आईंना पुन्हा टेबलावर घ्यावं लागू शकतं. मला तुमच्या डॉक्टरांचा सल्ला पटतो. मोड मानेच्या खाली असती तर तिथे रक्त भरपूर, मग रॉड टाकून काम झालं असतं.

दिंडोरीकडे आमच्या बागेत एकाच्या मांडीत कोयता लागला. आम्ही जखमेच्या वरच्या बाजूला रुमाल बांधला, तरी रक्त वाढलंच. असं का झालं?

रुमालाने फक्त शिरा आवळल्या जातात, खोलातली धमनी चालूच राहते. रक्त आत येत राहतं, परतीची वाट बंद, म्हणून जखमेतून जास्त वाहतं. आधी जखमेवर स्वच्छ कापड ठेवून अंगाचा भार टाकून दाबा. थांबलं नाही तर कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जननेंद्रियाच्या वरचं मधलं हाड, यांच्या बरोबर मध्यावर जांघेत तळहाताच्या टाचेने जोर द्या. धमनी तिथेच असते. तरीही उसळत असेल, तर जखमेच्या वरच्या बाजूला, जांघेकडे, 4-5 सेंटिमीटर रुंदीचा पट्टा बांधा, त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. वाटेत तो सोडून पाहू नका. एकाने दाबून धरावं, दुसऱ्याने त्याच क्षणी 108 ला फोन करावा.