शेजारी आहे, पण दिसत का नाही?

प्रश्न : नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या काही ताऱ्यांना ब्राऊन ड्वार्फ जोडीदार असतो असं वाचलं. माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे, कोकणातून असा एखादा बघता येईल का? आणि त्यांना 'फसलेला तारा' का म्हणतात?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तारा दिसेल, जोडीदार (ब्राऊन ड्वार्फ, म्हणजे ग्रहाहून जड पण तारा होण्याइतका जड नसलेला गोळा) नाही. आधीच सांगून टाकतो, नाहीतर रात्रभर सड्यावर डास चावून घ्याल आणि शिव्या आम्हाला घालाल.

तुमच्यासाठी सोयीचा तारा म्हणजे एप्सिलॉन इंडी. इंडस नावाच्या तारकासमूहातला (नाव वाचून सिंधू नदी डोक्यात येते, पण नकाशावाल्यांना 'इंडियन' माणूस अभिप्रेत होता), आपल्यापासून जेमतेम १२ प्रकाशवर्षं लांब, सूर्यापेक्षा थोडा लहान, नारिंगी, आणि मेन सिक्वेन्सवरचा म्हणजे पोटात हायड्रोजनचं हेलियम करत बसलेला साधा संसारी तारा. ऑक्टोबरात पाऊस गेला की रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, बक तारकासमूहातला ठळक अल् नायर शोधा आणि हात लांब करून मूठ धरा, त्याच्या साधारण एक मूठ सरळ खाली हा सापडेल. तेव्हाही क्षितिजापासून फार तर १६ अंश वर असतो आणि त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक) ४.७, त्यामुळे खाली जरा धुरकट असेल तर बायनॉक्युलर काढावंच लागेल.

आता गंमत. याचा जोडीदार ताऱ्याला अजिबात चिकटून नाहीये, आकाशात दोघांमध्ये जवळजवळ सात कलांचं (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर आहे, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाव भागाइतकं. वसिष्ठ-अरुंधतीत बारा कला आहेत, तर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्तच धरा. तो अरुंधतीइतका उजळ असता तर चांगली नजर असलेल्या माणसाने दुर्बिणीशिवाय दोघांना वेगळं ओळखलं असतं. पण अंधाऱ्या स्वयंपाकघरात गॅस बंद केल्यावरचा तवा आठवा, लाल दिसत नाही पण हात जवळ नेला की धग कळते. ब्राऊन ड्वार्फ तव्यापेक्षा कितीतरी गरम असतो हे खरं, तरी त्याचा बहुतेक सगळा उजेड डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये जातो, आणि डोळ्याला दिसला असता तो थोडाफारही त्याच्या वातावरणातलं सोडियम-पोटॅशियम गिळून टाकतं. तुमची आठ इंची तिथे काही करू शकत नाही.

मग सापडला कसा? चालीवरून. एप्सिलॉन इंडी आकाशात दरवर्षी ४.७ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो, म्हणजे चंद्राच्या रुंदीइतकं जायला त्याला चारेकशे वर्षं लागतात, आणि ताऱ्यांच्या हिशोबात ही धावपळच झाली. जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या संशोधकांना जुन्या सर्वेक्षणांचे फोटो चाळताना शेजारचा एक अंधुक ठिपका अगदी त्याच दिशेने, त्याच वेगाने पुढे जाताना दिसला, वारीत एकाच दिंडीतली दोन माणसं ओळखू येतात ना, तसं. २००३ च्या जानेवारीत त्यांनी ते जाहीर केलं आणि त्याच वर्षी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींनी बघितलं तर तो एक नव्हताच, दोन ब्राऊन ड्वार्फ अकरा-एक वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतायत! अलीकडच्या मोजणीत त्यांची वस्तुमानं गुरू ग्रहाच्या साधारण ६७ आणि ५३ पट भरली. आकार मात्र दोघांचाही जवळपास गुरूएवढाच.

'फसलेला तारा' का, तर गुरूच्या पंच्याहत्तर-ऐंशी पटीच्या खाली वस्तुमान असलं की पोटातला दाब-तापमान हायड्रोजन कायम जळत ठेवायला पुरत नाही, मग जन्माच्या वेळची ऊब घेऊन अब्जावधी वर्षं नुसतं निवत राहायचं. मला स्वतःला हे नाव आवडत नाही. ज्याने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही त्याला नापास कसं म्हणायचं? आणि 'ब्राऊन' नावावर पण जाऊ नका, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये ते सुचवलं खरं, पण जवळून बघितलं तर यातले बरेचसे तपकिरी नाही, जांभळट-लाल दिसतील असा अंदाज आहे.

तुम्ही ज्याबद्दल वाचलंत त्या सगळ्या प्रकरणात आपल्याकडचा पण एक माणूस आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी. १९९५ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळ एक थंड ब्राऊन ड्वार्फ सापडला, त्याच्या उजेडात मिथेनच्या खुणा होत्या, मिथेन ताऱ्याच्या उष्णतेत टिकत नाही, आणि एवढा थंड तारा असूच शकत नाही म्हणून शंकेला जागाच उरली नाही. ते शोधणाऱ्या टीममध्ये कुलकर्णी होते. (तो मूळ तारा आठव्या प्रतीचा, तुमच्या दुर्बिणीत आरामात येईल, जोडीदार अर्थातच नाही.) पण त्याचं वजन मोजलं तर उजेडाच्या मानाने फार जास्त भरत होतं, हिशोब काही केल्या जुळेना. शेवटी २०२४ मध्ये कळलं की तिथेही एक नाही, दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे.