पाठ टेकली म्हणजे संपलं का? एमएमएवर तुमचे प्रश्न

प्रश्न (चिपळूण, बारावीचा विद्यार्थी): सर, एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं एकत्र) ब्रूस लीने सुरू केलं ना?

नाही रे. एकाच स्टाईलला चिकटून बसू नका हे ब्रूस लीने ठासून सांगितलं, ते खरंच, पण तू मोबाईलवर बघतोस तो खेळ मुख्यतः ब्राझीलमधून आला. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोवाला १९१४ साली तिकडे पोचला, त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला, मग कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ तयार झाला, आणि अंगाने बारीक माणूस पाठीवर पडूनसुद्धा मोठ्याला कसा अडकवेल यावरच या घराने पिढ्यानपिढ्या मेहनत घेतली, तेच ब्राझिलियन जिउ-जित्सू. तिथे ‘वाले तुदो’ म्हणजे सगळं चालतं अशा लढती व्हायच्या. त्याच घरातली माणसं अमेरिकेत गेली आणि १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली, म्हणजे आजची एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा. आठ जण, एकच रात्र, वजनगट नाही. बॉक्सर होता, सुमोवाला होता, किकबॉक्सर होते, आणि जिंकला कोण तर हेलिओचा मुलगा रॉयस, जेमतेम ऐंशी किलोचा! तिघांशी लढला, तिघांनी हार कबूल केली. उभ्याने कितीही चांगलं मारता येवो, खाली पडल्यावर काय करायचं ते माहीत नसेल तर तुझं शिक्षण अर्धंच, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं.

प्राचीन ग्रीकांच्या पँक्रेशनपासून, म्हणजे ठोसे आणि कुस्ती दोन्ही चालणाऱ्या खेळापासून, सरळ रेघ ओढणारे पण भेटतील, मला ते पटत नाही. तसला खेळ तेव्हा होता, पण तिथून इथवर कोणी कोणाला शिकवत आलेलं नाही.

प्रश्न (देवरुख, तालमीत जाणारा): आमच्या कुस्तीचा याच्याशी काय संबंध?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. १९५१ ला रिओमध्ये मासाहिको किमुरा या ज्युदोवाल्याने हेलिओचा हात लॉकमध्ये, म्हणजे सांधा पिळायच्या डावात, मोडला, त्या लॉकला आज किमुराच म्हणतात. पुढे १९७६ ला जपानचा कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी जूनमध्ये टोकियोत बॉक्सर मुहम्मद अलीशी पंधरा राऊंड लढून ड्रॉ करून बसला, आणि डिसेंबरमध्ये कराचीत गामा पैलवानांच्या पुतण्याशी, अक्रम पैलवानाशी लढला आणि तसल्याच लॉकने अक्रमचा हात निकामी केला. अक्रमची ताकद कमी पडली असं नाही. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, त्यामुळे पुढचं कोणी शिकवतच नाही.

तुझंही तसंच होईल बघ. खाली पडलास की सवयीने पोटावर वळशील, कारण पाठ टेकवायची नाही हे रक्तात भिनलंय, पण एमएमएत पोटावर वळलास म्हणजे पाठ समोरच्याच्या ताब्यात दिलीस, तो मागून गळ्यात हात घालणार आणि दहा सेकंदात खेळ खलास. पट काढणं, ढाक, पकड, दम हे मात्र तुझं भांडवल आहे, ते सोडू नकोस.

प्रश्न (गुहागर, एक आई): मुलगा चौदाचा आहे, हट्ट धरून बसलाय. याला नियम नसतात म्हणे?

ताई, सुरुवातीला जवळजवळ नव्हतेच, चावणं आणि डोळ्यात बोटं घालणं एवढंच मना होतं, त्यामुळे अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी बंदी घातली आणि न्यूयॉर्कने तर १९९७ पासून २०१६ पर्यंत उठवली नाही. २००० साली न्यूजर्सीत नीट नियम बसले. वजनगट, पाच मिनिटांचे राऊंड, ग्लोव्ह्ज, लढत थांबवायचा रेफ्रीला पूर्ण अधिकार, खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला मार नाही. खेळ वाढला तो यानंतरच. २००१ ला वीस लाख डॉलरला विकलेली यूएफसी २०१६ मध्ये चारशे कोटी डॉलरच्या आसपास गेली.

तरी चौदाव्या वर्षी डोक्यावर मार नकोच, यात माझी तडजोड नाही. दोन-तीन वर्षं ज्युदो नाहीतर कुस्ती करू दे. आणि क्लास बघायला पावसात जा. आपल्याकडच्या दमट हवेत मॅट रोज औषधाने पुसली नाही तर पोरांना नायटा होतोच. मॅटला कुबट वास आला तर तिथे घालू नका.

प्रश्न (खेड): यूएफसीत आपलं कोणी गेलंय का?

हो. भरत कंदारे २०१७ मध्ये लढला, भारतातून तिथे गेलेला पहिला, पण हरला. पूजा तोमरने जून २०२४ मध्ये जिंकून दाखवलं.

प्रश्न (मालवण, कबड्डीपटू): मी लेफ्ट कॉर्नर खेळतो, एमएमए जमेल काय?

जमेल. रेडरचा घोटा धरतोस तो एकेरी पटाच्या (एकच पाय धरून पाडायच्या डावाच्या) अगदी जवळचा आहे आणि तुझं टायमिंग नव्या पोरांपेक्षा कितीतरी पुढे असणार. फक्त घोटा धरताना मान खाली घालून पुढे झेपावतोस ना, तीच मान इथे समोरच्याच्या काखेत सापडते आणि तो गळा आवळतो, त्याला गिलोटिन म्हणतात. पहिले दोन महिने दुसरं काही करू नकोस, डोकं वर, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला आणि मग पाय, एवढंच रोज पन्नासदा कर.