आयआयएच (नेमक्या कारणाशिवाय डोक्यातलं प्रेशर वाढायचा आजार) नवीनच निघालंय? आधी डोळे सांभाळ

ताई, घाबरू नकोस, पण डोकं दुखायचं थांबलं म्हणून डोळ्यांची तपासणी चुकवू नकोस. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली, वाटलं संपलं एकदाचं, पण डोक्यातल्या प्रेशरनं डोळ्याच्या नसेला आलेली सूज गुपचूप राहू शकते आणि बऱ्याचदा कडेची नजर आधी जाते, आपल्याला कळत पण नाही. म्हणून फील्ड टेस्ट (कडेची नजर तपासायची टेस्ट) ठरल्या तारखेला म्हणजे तारखेलाच, मग घरात लग्न असो नाहीतर जोतिबाची यात्रा.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही प्रेशर कमी करायची गोळी चालू झाली की बोटांना मुंग्या येतात, सोडा पचपचीत लागतो, लई जणांना होतं, मनानं गोळी बंद करायची नाही.

वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी फरक पडतो. उपास नको, रंकाळ्याला रोज चालायला जा. पांढरा रस्सा वाटीभर चालतोय, पातेलंभर नव्हं.

आणि हे:
- रोज पेनकिलर नको, त्यानंच डोकं धरतं
- पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन किंवा व्हिटॅमिन ए वालं काही घेत असशील तर डॉक्टरांना आधी सांग
- नजर अचानक कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, अपॉइंटमेंट गेली उडत

शंट-बिंट (प्रेशर उतरवायला नळी बसवायचं ऑपरेशन) आत्ता वाचत बसू नकोस.