तुझी परग्रहावरची नायिका

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा एका बैठकीत वाचून काढली. परग्रहावरची एक बाई सदाशिव पेठेत पेइंग गेस्ट म्हणून राहायला येते आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या प्रेमात पडते, ही कल्पना मला मनापासून आवडली. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

आधी मॅडेलिन ओल्नेक यांचा 'कोडिपेंडंट लेस्बियन स्पेस एलियन सीक्स सेम' बघ. २०११ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला हा न्यूयॉर्कचा सिनेमा अगदी थोड्या पैशांत केलेला, कृष्णधवल, जेमतेम सव्वा तासाचा आहे. नावच 'जोडीदार पाहिजे'च्या जाहिरातीसारखं! झॉट्स नावाच्या ग्रहावर असा समज असतो की प्रेमासारख्या भावनांमुळे तिथल्या ओझोनच्या थराला भोकं पडतायत. म्हणून प्रेमात पडणाऱ्यांना पृथ्वीवर धाडतात. इथे त्यांचा प्रेमभंग होईल आणि मग ग्रह वाचेल, असा हिशोब. त्यांच्यातल्या झॉइंक्सची गाठ पडते जेनशी. जेन स्टेशनरीच्या दुकानात काम करणारी, बुजरी, एकटी. झॉइंक्सचं टक्कल, कानापर्यंत चढलेली ताठ कॉलर, एकसुरी बोलणं, सगळं समोर दिसत असतं. तरी ही दुसऱ्या ग्रहावरची आहे हे जेनच्या लक्षातच येत नाही.

ही गंमत नीट समजून घे. बायकांनी बायकांवर प्रेम करणं हा त्या सिनेमात विनोदाचा विषय नाही. त्याबद्दल कुणी खुलासा देत नाही, कुणी माफी मागत नाही. हसू येतं ते एकटेपणाचं, पहिल्या भेटीतल्या अवघडलेपणाचं, कुणीतरी आपल्याला हवंय म्हणून किती गोष्टींकडे आपण काणाडोळा करतो त्याचं. आणि प्रेमालाच प्रदूषण ठरवणारा ग्रह पडद्यावर आल्यावर वेगळं भाषण लागतच नाही. प्रेक्षक काय ते ओळखतो.

तुझ्या पटकथेत भाषण आहे. नायिकेची मैत्रीण आईसमोर पानभर बोलते: हक्क, समलैंगिक संबंध गुन्हा नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल, समाज, सगळं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तो लिहिताना तुझा गळा दाटून आला असणार हे कळतं. तरीही तो प्रसंग काढ. त्याआधी तूच लिहिलेला घरमालकीणबाईंचा प्रसंग त्याहून कितीतरी जास्त बोलतो. भाडेकरूचे हात निळे आहेत, ती पाणी पीत नाही, रात्री छताला चिकटून झोपते, याबद्दल बाईंची काही तक्रार नाही. त्यांना एवढंच विचारायचंय, "लग्नाचं काय ठरवलंयस?" हे सोनं आहे. हा प्रसंग लांबव. बाईंना पुन्हा आण, तिसऱ्यांदा आण.

तू विचारलं होतंस की हा विषय विनोदात मांडला तर हलका होईल का. १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं. एका मुलीचं मुलीवरचं प्रेम मध्यवर्ती ठेवून त्या काळी लिहिणं ही फार मोठी गोष्ट होती, आणि ते नाटक तू वाचलंच पाहिजेस. पण त्यातल्या नायिकेचा, मित्रा नावाच्या मुलीचा, शेवट आत्महत्येत होतो. पुढेही अशा नायिकांच्या वाट्याला पुष्कळदा मरण, वेड नाहीतर ताटातूट आली. तुझ्यासारख्या मुलींनी पडद्यावर स्वतःला बहुतेक वेळा मरतानाच पाहिलंय. तिथे एखादीचं प्रेम जमावं, तिने वेंधळेपणा करावा, भांडावं, चहा उतू घालवावा आणि शेवटी जिवंत राहावं, यात हलकं काय आहे? मला तर हे फार गरजेचं वाटतं.

आता पैशांचं. काटकसर शूटिंगच्या दिवशी सुचून भागत नाही, ती कागदावरच करावी लागते. अंतराळप्रवासाची तुझी तीन पानं आत्ताच काप. ओल्नेक यांनी जुन्या स्वस्त विज्ञानपटांचा बाजच उचलला. यान खोटं दिसतं आणि ते लपवायची धडपड कुठेच नाही. त्यांचा हात आधी रंगभूमीवर बसलेला होता. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या वॉव कॅफे या बायकांनी चालवलेल्या छोट्या थिएटरात त्या नाटकं करत. आपल्याकडे दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांचं जे झालं, त्याच जातीचं ते काम: नट, शब्द आणि समोर बसलेली माणसं. म्हणून तूही कॅमेरा भाड्याने आणण्याआधी वाचनं कर, तालमी कर. दहा-बारा जणांना बसवून पटकथा वाच आणि हशा कुठे येतो तिथे पेन्सिलने खूण कर. तुला अपेक्षित होता तिथे आला नाही, तर आधी वाक्य छोटं करून बघ.

नटीला एकच सूचना दे: विनोदी काही करायचं नाही. परग्रहावरच्या बाईसाठी सगळं खरं आहे, जिवावरचं आहे. ओल्नेक यांच्या नट्या अख्खा सिनेमाभर चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाहीत, म्हणून हसू आवरत नाही. तुझी नायिका कुकरच्या शिट्टीला नमस्कार करते ना, तो पूर्ण श्रद्धेने झाला पाहिजे. डोळा मारलास की संपलं.

एक गोष्ट मात्र शूटिंगच्या आधी, शांतपणे, प्रत्येकीशी एकटीने बोलून ठरव: श्रेयनामावलीत कुणाचं नाव कसं जाणार, पोस्टरवर कुणाचा चेहरा येणार. काहीजणींच्या घरी माहीत नसेल. ट्रेलर व्हॉट्सअ‍ॅपवरून गावाकडच्या काकांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. जिला टोपणनाव हवंय तिला ते दे, कारण विचारू नकोस. जवळिकीचे प्रसंगही तालमीतच पावलापावलाने बांध. सेटवर 'बघू, सुचेल तसं' अजिबात नको.

पुढे कुठे दाखवायचा याची काळजी आत्ता नको. मुंबईत २०१० पासून कशिश हा समलैंगिक आणि ट्रान्स माणसांवरच्या सिनेमांचा महोत्सव भरतोय, तिथे असे सिनेमे बघायला लोक हौसेने येतात. जमलं तर या वर्षी नुसती प्रेक्षक म्हणून जाऊन बस आणि विनोदी लघुपट लागले की पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे बघ.

नवीन खर्डा झाला की पाठव. भाषण काढलेला, यान कापलेला, आणि मालकीणबाईंचे निदान तीन प्रसंग असलेला. वाचनाला माझ्या घरी जमलात तरी चालेल, बैठकीच्या खोलीत पंधरा माणसं सहज मावतात.

तुझी,
ताई