मोटरच्या स्टार्टरला थिंबल (तारेवर चेपून बसवायचं धातूचं टोक) मारताना

भाऊ, आधी टेस्टर चालू लाइनीवर लावून बघ, पेटतो ना. मग मेन स्विच पाड, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेव, ऑटो (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) बंद कर. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात लाइट कधी येईल नेम नाही. ऑटो चालू राहिला तर तुझा हात पेटीत असतानाच मोटर उठेल. तिन्ही फेज पुन्हा तपास.

४ स्क्वेअर एमएमच्या केबलला ४ स्क्वेअर एमएमचंच थिंबल. इन्सुलेशन थिंबलच्या नळीएवढं सोल, वर फार तर २ मिमी. ब्लेडने तारा तुटल्या तर टोक कापून पुन्हा सोल, उरलेल्या तारांवर भागवू नको. पकडीने चेपलेलं थिंबल वरून घट्ट दिसतं, आत पोकळी राहते. तिथेच तापून काळं पडतं. मे महिन्यात पत्र्याची पेटी तशीही भाजत असते. क्रिम्पिंग टूलच (थिंबल चेपायचं खास हत्यार) वापर, दाबल्यावर जोरात ओढून बघ. हललं तर कापून नवं मार.

अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचं थिंबल नको, बायमेटल (अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं जोडलेलं) घे. तार घासली की लगेच जॉइंट पेस्ट लाव, हवेत क्षणात ऑक्साइडचा थर धरतो. स्टडवर (स्टार्टरच्या आट्यांच्या बोल्टवर) आधी थिंबल, मग साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. वॉशर थिंबलखाली घालणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नको.